ऑस्कर, रमाबाई आणि आजीचं रडणं: ऐतिहासिक प्रेमकथा आवडते, पण टोचते का?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी आपल्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, थोडे राहू दिलेत. आणि आधीच सांगून ठेवतो, या भागात गोष्टीचा शेवट येणार आहे. नंतर "दादा, सगळं फोडलंस" म्हणून शिव्या घालायच्या नाहीत.

तर झालं असं. माझी मावसबहीण सांगलीला असते. रात्री साडेबाराला तिचा व्हॉइस मेसेज आला. आठ सेकंदांचा. त्यात फक्त नाक ओढल्याचा आवाज आणि एक वाक्य, "दादा, ऑस्कर गेली रे." मला वाटलं शेजारचं कुत्रं वगैरे गेलं. सकाळी फोन केला तेव्हा कळलं की नेटफ्लिक्सवर तिनं 'द रोझ ऑफ व्हर्साय' हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघितला होता, आणि मग त्याची मूळ मंगा शोधून दोन आठवड्यांत पाचही जाड खंड वाचून काढले होते.

"तू वाच. वाचल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस," असा हुकूम झाला. मी वाचली. सातारा ते सांगली एसटीत, कराडच्या स्टँडवर गाडी थांबलेली असताना, रात्री अंथरुणात. आवडली. खूप आवडली. आणि तरीही काहीतरी टोचत राहिलं. ते नेमकं काय, हे शोधता शोधता मी एका जपानी पुस्तकावरून आमच्या माहुलीच्या घाटावर आणि आजीच्या कपाटातल्या 'स्वामी'वर कसा पोचलो, ते आज सांगतो.

आधी ही भानगड काय आहे?

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडे वाचायची. सुरुवातीला दोन-चार पानं उलटी वाचली जातात, मग सवय होते.

'व्हर्सायचा गुलाब' लिहिली आणि काढली रियोको इकेदा या बाईंनी. १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' नावाच्या मुलींच्या साप्ताहिकात ती क्रमशः छापून येत होती. तेव्हा इकेदांनी जेमतेम पंचविशी गाठलेली. शाळकरी मुली ज्या साप्ताहिकात पहिल्या प्रेमाच्या गोष्टी वाचायच्या, तिथे या बाईंनी थेट फ्रेंच राज्यक्रांती आणली! त्यांना ही कल्पना श्टेफान त्स्वाइग या लेखकानं लिहिलेल्या मारी आंत्वानेतच्या चरित्रावरून सुचली, ते त्यांनी शाळेत असताना वाचलं होतं. इतिहासावरची गोष्ट मुली वाचतील का, अशी संपादकांना शंका होती. मुलींनी ती अशी काही उचलून धरली की १९७४ मध्ये तिचं नाटक आलं, १९७९ मध्ये चाळीस भागांची ॲनिमेशन मालिका आली, २००९ मध्ये फ्रान्स सरकारनं इकेदांना सन्मान दिला, आणि २०२५ मध्ये नवा सिनेमा आला. म्हणजे पन्नास वर्षं ही गोष्ट काही थांबायला तयार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत चौदाव्या वर्षी, १७७० मध्ये, लग्न होऊन फ्रान्सला येते. पुढे राणी होते. तिच्या रक्षणाला असते ऑस्कर. ऑस्कर ही जनरल जार्जे यांची मुलगी. जनरलला मुलगा नाही, सगळ्या मुलीच. म्हणून ही सगळ्यात धाकटी जन्मली तेव्हा बाप म्हणाला, हिला मुलगा म्हणून वाढवायचं. तलवार, घोडा, गणवेश, सगळं. तिच्याबरोबर वाढतो आंद्रे, दाईचा नातू, म्हणजे घरातला नोकरच. तिकडे स्वीडनचा उमराव फेर्सेन राणीच्या प्रेमात, राणी त्याच्या प्रेमात, ऑस्करही काही काळ फेर्सेनच्या प्रेमात, आणि आंद्रे पहिल्यापासून ऑस्करच्या प्रेमात. शेवटी क्रांतीत ऑस्कर आपलं सरदारपद टाकून लोकांच्या बाजूनं उभी राहते. १३ जुलै १७८९ ला आंद्रे गोळी लागून मरतो. दुसऱ्या दिवशी बास्तीय तुरुंगावरच्या हल्ल्यात ऑस्करला गोळ्या लागतात. बास्तीय पडल्याचं कानावर येतं आणि ती जाते.

साडेबाराचा व्हॉइस मेसेज तो हाच.

खरं काय आणि रचलेलं काय?

ही गंमत समजून घेतली तर वाचायला दुप्पट मजा येते.

मारी आंत्वानेत खरी. १६ ऑक्टोबर १७९३ ला तिचा शिरच्छेद झाला, तोही खरा. १७८५ चं हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण खरं, ज्यात राणीच्या नावानं भलत्यांनीच घोटाळा केला आणि बदनामी मात्र राणीची झाली. जनरल जार्जे नावाचा माणूस खरा होता. १७९३ मध्ये राणीला कैदेतून सोडवण्याच्या एका कटात तो सामीलही होता. पण त्याची ती मुलगी, ऑस्कर? ती इकेदांची. आंद्रेही त्यांचाच.

फेर्सेन खरा. जून १७९१ मध्ये राजा-राणीला पॅरिसमधून गुपचूप बाहेर काढायची योजना त्यानंच आखली होती. २० जूनच्या रात्री ते निघाले आणि वाटेत पकडले गेले. बरोबर एकोणीस वर्षांनी, २० जून १८१० ला, स्टॉकहोममध्ये जमावानं फेर्सेनला मारलं. ही तारीख एखाद्या लेखकानं रचली असती तर आपण म्हटलं असतं, "जरा जास्तच होतंय." पण ती खरी आहे.

आणि त्यांचं प्रेम? राणीची आणि फेर्सेनची पत्रं शिल्लक आहेत, पण त्यातल्या काही ओळींवर शाईनं गिरगटून ठेवलंय. अलीकडे फ्रान्समधल्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या मदतीनं वरची आणि खालची शाई वेगळी ओळखली आणि खालचे काही शब्द वाचले. 'प्रिय', 'लाडका' अशा जातीचे शब्द निघाले. २०२१ मध्ये ते संशोधन छापून आलं. त्या ओळी खोडणारा हात बहुधा खुद्द फेर्सेनचाच, असं त्यांना दिसलं. प्रेमपत्र फाडायचं नाही, पण कुणाला वाचूही द्यायचं नाही. दोनशे वर्षांपूर्वीचं 'डिलीट फॉर एव्हरीवन', पण अर्धवट झालेलं.

मला काय आवडलं?

ऑस्कर आवडली. तिला मुलगा म्हणून वाढवलं ते बापाच्या हट्टासाठी, तिला कुणी विचारलं नव्हतं. पण पुढे बापच घाबरतो आणि म्हणतो, आता लग्न कर. तेव्हा ती नाही म्हणते. लादलेलं आयुष्य तिनं हळूहळू स्वतःचं करून घेतलंय, आणि आता ते कुणी काढून घ्यायला आलं तर ती देणार नाही. आपल्याकडे ज्या मुलींना "तू आमचा मुलगाच" म्हणून वाढवतात आणि चोविसाव्या वर्षी "बघायला येणार आहेत" म्हणून सांगतात, त्यांना हे पान लगेच कळेल. माझ्या बहिणीनं त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून वॉलपेपर ठेवलाय. मावशीला अजून त्याचा अर्थ कळलेला नाही. कळू नये, अशी आमची प्रार्थना.

आणि एक गोष्ट सांगलीकरांना विशेष आवडेल. १९७४ चं ते नाटक केलं ताकाराझुका या कंपनीनं. या कंपनीत सगळ्या बायकाच काम करतात, पुरुषांच्या भूमिकासुद्धा. म्हणजे रंगमंचावर एक बाई, पुरुषासारख्या जगणाऱ्या बाईची भूमिका करतेय, आणि समोर बसलेल्या हजारो बायका तिच्या प्रेमात पडतायत. ऐकायला विचित्र वाटतं? मग आपलंच आठवा. १९०५ मध्ये मिरजेत एक तरुण मुलगा शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला, आणि पुढे त्याच्या नेसण्याची, दागिने घालण्याची नक्कल महाराष्ट्रभरच्या बायका करायला लागल्या. बालगंधर्व. पुरुषानं बाई होणं आपल्या आजी-पणजीनं डोक्यावर घेतलं. तेव्हा ऑस्करकडे बघून "हे काय भलतंच परदेशी" म्हणायचा हक्क निदान मिरज-सांगलीच्या माणसाला तरी नाही.

आणि टोचलं काय?

तीन गोष्टी. एक एक करून घेऊ.

पहिली, भूक. या गोष्टीत लेस आहे, गुलाब आहेत, डोळ्यांत चांदण्या आहेत. मंगात डोळे खरंच तसे काढलेत, तारे भरलेले. आणि मागे पॅरिसचे लोक उपाशी आहेत. १७८९ च्या सुमाराला तिथला मजूर कमाईचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या पावावर घालवत होता. इकेदा हे लपवत नाहीत, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रोझाली नावाची गरीब मुलगी आहे, तिची आई रस्त्यावर सरदाराच्या गाडीखाली मरते. पण ही रोझालीसुद्धा पुढे सरदार घराण्याचंच रक्त निघते! म्हणजे गरिबाकडे आपण बघावं म्हणून त्याला आधी गुपचूप श्रीमंत करावं लागतं. ५ ऑक्टोबर १७८९ ला बाजारातल्या हजारो बायका पावसात पॅरिसहून व्हर्सायला चालत गेल्या, साधारण वीस किलोमीटर, आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. त्या खऱ्या बायका होत्या. पण आपण रडतो ते न झालेल्या ऑस्करसाठी.

दुसरी गोष्ट, आंद्रे. आंद्रे सगळ्यांचा लाडका. पण एका प्रसंगात तो ऑस्करवर जबरदस्ती करायला जातो, ती रडते, तो थांबतो, माफी मागतो. पुढे तिचं लग्न ठरायला लागतं तेव्हा तो दारूत विष घालून तिला आणि स्वतःला संपवायचं ठरवतो, आणि शेवटच्या क्षणी ग्लास पाडतो. गोष्ट म्हणते, बघा किती प्रेम! मी म्हणतो, आपल्या गल्लीत एखाद्या पोरानं असं केलं तर आपण त्याला प्रेम म्हणू का? आपल्याकडे "माझी नाही तर कुणाचीच नाही" याच्या बातम्या होतात, मुली जिवाला मुकतात. १९७२ ची गोष्ट आहे, काळ वेगळा होता, हे मान्य. पण वाचणारी पोरगी आजची आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. प्रेम पूर्ण झालं की माणूस मेलाच पाहिजे. ऑस्कर आणि आंद्रेला एक रात्र मिळते. मग तो जातो, मग ती. आणि ते इतकं सुंदर काढलंय की आपल्याला वाटतं, यापेक्षा चांगला शेवट होऊच शकत नव्हता.

हे वाचताना मला आजी आठवली.

आजीचं रडणं

आमच्या आजीच्या कपाटात रणजित देसाईंची 'स्वामी' आहे. कव्हर गेलंय, कणा खाकी कागदानं चिकटवलाय. १९६२ ची कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची गोष्ट. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा. समोर निजाम, हैदर, घरात काका राघोबा, आणि छातीत क्षय. १८ नोव्हेंबर १७७२ ला, सत्तावीस वर्षांचा असताना, थेऊरला तो गेला. रमाबाई सती गेल्या.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका लागली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. आजी सांगते, ती लागली की वाड्यातल्या सगळ्या बायका एकाच टीव्हीसमोर. आणि शेवटचा भाग बघून सगळ्या रडल्या.

मी लहानपणी ते पुस्तक वाचलं तेव्हा मीही रडलो होतो. आता ऑस्करसाठी रडून झाल्यावर पुन्हा काढलं, आणि या वेळी शेवटाला माझ्या पोटात गोळा आला. कारण फरक साधा आहे. ऑस्कर कधी जन्मलीच नव्हती. तिला गोळी लागली तर फक्त शाई सांडली. रमाबाई खरी होती. खरी मुलगी, खरी आग. आणि तो शेवट प्रेमकथेचा शेवट म्हणून वाचला की आगीचा चटका जातो आणि फक्त उजेड राहतो.

साताऱ्याच्या माणसाला हे जास्त लागतं, कारण आमच्याकडे संगम माहुली आहे. शहरापासून जवळच, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. आम्ही तिथे दगडी देवळांचे फोटो काढतो, रील करतो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे, तेच 'स्वामी'तले रामशास्त्री. १५ डिसेंबर १७४९ ला छत्रपती शाहू महाराज साताऱ्यात गेले, आणि त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी पुढे साताऱ्यातच रेसिडेंट होता. त्यानं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय की सकवारबाई पेशव्यांच्या विरुद्ध राजकारण करत होत्या, आणि त्यांनी सती जावं म्हणून डावपेच करून त्यांना कोंडीत पकडलं गेलं. डफचं सगळं डोळे झाकून मानायचं कारण नाही. पण एवढं तरी कळतं की ज्याला आपण 'निष्ठा' म्हणतो, त्याच्या मागे कधीकधी गादीचा हिशोब असायचा.

आता उलटी बाजू बघा. माधवरावांची आई गोपिकाबाई, आमच्याच वाईच्या रास्त्यांची लेक. नवरा नानासाहेब १७६१ मध्ये गेला, त्याच वर्षी मोठा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. त्या सती गेल्या नाहीत. अनेक वर्षं जगल्या. पुढे धाकट्या नारायणरावाचा खून झालेलाही त्यांना बघावा लागला. आणि गोष्टींमध्ये त्या कशा येतात? कडक, हेकट, खाष्ट. 'बाजीराव मस्तानी'मधल्या राधाबाईंचं तेच. मस्तानीवर गाणी, काशीबाईंवर एक गाणं, आणि जी म्हातारी जिवंत राहते ती मात्र खलनायिका. आपल्या ऐतिहासिक प्रेमकथांचा हा न लिहिलेला नियमच आहे बघा. मेली ती देवी. उरली ती सासू.

पण बहीण म्हणाली...

हे सगळं मी सांगलीला जाऊन बहिणीला ऐकवलं. आयर्विन पुलाजवळ भडंग खात उभे होतो. मला वाटलं, आता ही गप्प होणार. ती म्हणाली,

"दादा, झालं तुझं? मग ऐक. आजीला कधी विचारलंस का, ती कशासाठी रडली?"

मी नव्हतं विचारलं. मी गृहीत धरलं होतं.

घरी येऊन विचारलं. "आजी, 'स्वामी' बघून तू का रडलीस गं? ती सती गेली म्हणून?"

आजी म्हणाली, "अरे, सतीचं काय घेऊन बसलास. ते तेव्हा होतं तसं होतं, वाईटच होतं. मला रडू आलं ते त्यांचं बोलणं बघून. तो एवढा पेशवा, पण दमून आला की तिच्याजवळ बसून बोलायचा. तुझे आजोबा चांगले होते, पण चाळीस वर्षांत माझ्याजवळ बसून असं कधी बोलले नाहीत."

मंडळी, रेकॉर्डिंगमध्ये इथे मी थोडा वेळ थांबलोय, तुम्ही ऐकलं असेल. मला काही सुचलंच नाही.

म्हणजे मी ज्याला 'सतीचं उदात्तीकरण' म्हणत होतो, त्यातून आजीनं सती बाजूला ठेवली आणि स्वतःला हवं ते उचललं. नवऱ्यानं बायकोशी बोलणं. तिच्या पिढीतल्या बाईला ही इच्छा तोंडानं सांगायची सोय नव्हती. पेशव्यांच्या नावाखाली सांगता यायची, रडताही यायचं. आणि बहीण ऑस्करमधून काय उचलते? ग्लास पाडणारा आंद्रे तिलाही आवडत नाही. तिनं उचलला तो बापासमोरचा नकार.

वाचणारा माणूस मूर्ख नसतो, हे मी विसरलो होतो. विशेषतः वाचणारी बाई. ती पुस्तकाशी भांडत भांडतच वाचत असते, फक्त ते भांडण मोठ्यानं करत नाही.

तरी माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. कारण प्रत्येकीला आजीसारखं निवडून घेता येईलच असं नाही. पंधराव्या वर्षी आपण गोष्ट अख्खी गिळतो. चाळण नंतर येते.

आपल्याकडे याला दुसरी वाट होती

एक लक्षात घ्या. प्रेम आणि लग्न यांच्या गोष्टी सांगून समाजाला चिमटा काढायची परंपरा सांगलीचीच आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी रंगभूमी मोजतो. आणि सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं १८९९ चं 'संगीत शारदा' काय आहे? पैशासाठी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेला बाप, आणि ते मोडून काढणारी माणसं. गाणी गोड, प्रेक्षक खूश, पण घरी जाताना प्रत्येक बापाच्या मनात कुसळ. शारदा मरत नाही. ती वाचते. सव्वाशे वर्षांपूर्वी हरिपूरच्या माणसाला हे जमलं होतं, की मुलगी जिवंत राहूनही गोष्ट रंगते.

आणि खऱ्या ऑस्कर शोधायच्या असतील तर लांब जायला नको. १९४३ साल. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता, आणि इथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्यांची मुलगी हौसाताई पाटील. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली शस्त्रं पळवायची होती. मग ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण रंगलं. हौसाताई झाल्या बायको, आणि एक सहकारी झाला नवरा. त्यानं त्यांना खरोखर मारलं, कारण खोटं मारलं तर पोलीस बाहेर कशाला येतील? पोलीस भांडण सोडवायला आले, आणि मागून बाकीच्यांनी बंदुका नेल्या. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, नव्वदी ओलांडून. त्यांनी हे सगळं स्वतः सांगून ठेवलंय.

नाटक, वेषांतर, धाडस, क्रांती. मंगाला लागतो तो सगळा मसाला यात आहे. शिवाय नायिका म्हातारी होईपर्यंत जगते. यावर कुणी पाच खंड काढणार असेल तर पहिली प्रत माझी.

मग वाचायचं कसं?

उपदेश नको, म्हणून फक्त मी काय करायला लागलोय ते सांगतो. ऐतिहासिक प्रेमकथा वाचून झाली, रडून झालं, की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

एक, यातलं कोण खरं होतं आणि कोण रचलेलं? खऱ्या माणसाचं दुःख आणि रचलेल्या माणसाचं दुःख यांचं वजन वेगळं आहे. ऑस्करचा मृत्यू सुंदर वाटला तर वाटू दे. सकवारबाईंचा सुंदर वाटायला लागला तर थांबायचं.

दोन, प्रेम म्हणून जे दाखवलंय, ते गणवेश आणि दागिने काढून आपल्या गल्लीत आणलं तर कसं दिसेल?

तीन, जी बाई शेवटी जिवंत राहते, तिला गोष्टीनं कसं वागवलं?

हे प्रश्न विचारून गोष्ट नावडती होते का? माझी नाही झाली. 'व्हर्सायचा गुलाब' मी पुन्हा वाचतोय. ऑस्करच्या नकाराच्या पानावर अजून अंगावर काटा येतो, आंद्रेच्या ग्लासाच्या पानावर अजून राग येतो. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, आणि मला दोन्ही ठेवायचेत.

गेल्या रविवारी बहीण साताऱ्याला आली होती. तिला आणि आजीला घेऊन माहुलीला गेलो. आजी घाटाच्या पायरीवर बसली. बहिणीनं तिला फोनवर ऑस्करची चित्रं दाखवली. आजीनं चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, "पोरगी देखणी आहे. पण हिचं लग्न झालं का?"

बहीण म्हणाली, "नाही आजी. तिनं नाही म्हटलं."

"मग?"

"मग लढली."

आजी जरा वेळ पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "जगली का पण?"

याचं उत्तर बहिणीनं दिलं नाही, मीही दिलं नाही. आम्ही आजीला कंदी पेढा दिला आणि विषय बदलला.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या आजीला, आईला, मावशीला आज एवढंच विचारा, कुठली कादंबरी किंवा मालिका बघून ती रडली होती, आणि नेमकं कशासाठी. उत्तर व्हॉइस मेसेजनं पाठवा. तिची परवानगी घेऊनच, हां! निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू. भेटूया.